लिंबाजीची परांची

आमच्या दवाखान्यातला ड्रेसर लिंबाजी याला बरोबर घेऊन बाजारात जाणं मी एका दिवसात बंद केलं. वांग्यांच्या ढिगापाशी एक बाई वाकून वांगी निवडत होती. दिवस भरत आलेले. लिंबाजी माझी पिशवी धरून उभा होता. तो दोन पावलं पुढं झाला आणि त्या अनोळखी बाईला अगदी आदरानं म्हणाला, "माय, नववा लागला ना? पान्याची पिशवी सांभाळ बरं. घरी फुटू द्यायची न्हाई. आमच्याकडंच ये."

बाईचा नवरा शेजारीच होता. त्यानं हातातलं वांगं खाली ठेवलं आणि लिंबाजीची गचांडी धरली. मी मध्ये पडले. पांढऱ्या साडीत होते म्हणून माझं ऐकलं तरी. "दवाखान्यातला माणूस आहे हो, सोडा," मी म्हटलं.

"डोक्यानं बरा हाय का?" नवऱ्यानं विचारलं.

"एवढं एक सोडलं तर बरा आहे."

गचांडी सुटेपर्यंत लिंबाजीनं त्या बाईला गाव कोणतं तेही विचारून घेतलं होतं.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली, मधल्या वर्षांची. अंबड तालुक्यात, शहागडकडं जाणाऱ्या रस्त्यावर एका ट्रस्टचा तीस खाटांचा दवाखाना होता. मी तिथं बाळंतपणाच्या विभागाची सिस्टर, आणि वयानं मोठी म्हणून बाकीच्या स्टाफच्या रजा-पाळ्या बघणारी. लिंबाजी जखमा धुणारा, पट्ट्या बांधणारा. पट्ट्या बांधणाऱ्या माणसाला बायकांच्या महिन्यांशी काय घेणं, असं कोणीही विचारेल. मीही नवीन असताना विचारलं होतं. उत्तर असं की भाजलेल्या माणसाच्या उघड्या जखमेवर लिंबाजी बाळाच्या वारेचा पडदा लावायचा.

बाळ पोटात ज्या पाण्याच्या पिशवीत असतं, तिचा हा आतला थर. कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ, पण त्याहून पुष्कळ चिवट. बाळ झालं की मागून वार पडते, तिच्याबरोबर ही पिशवीही येते. हा पडदा हलक्या हातानं सोडवून, धुऊन जखमेवर पसरला की चिकटून बसतो. आग थांबते. आतलं पाणी झिरपत नाही, बाहेरची घाण आत जात नाही, आणि त्याच्या आडोशानं माणसाची स्वतःची कातडी कडेकडेनं सरकत येऊन जखम झाकते. काम झालं की पडदा वाळून आपोआप निघून पडतो. आता यासाठी पाकीटबंद तयार चकत्या मिळतात, आणि रक्ताच्या सगळ्या तपासण्या झाल्याशिवाय असा ताजा पडदा कोणी कोणाला लावत नाही, ते बरोबरच आहे. आमच्याकडं तेव्हा होत्या तेवढ्या तपासण्या आम्ही करायचो. आईला ताप असला किंवा पाणी आदल्या दिवशीच गेलेलं असलं तर लिंबाजी त्या पडद्याकडं बघायचासुद्धा नाही.

हे तो शिकला कुठं? एका भाजलेल्या पेशंटला घेऊन शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गेला होता. पोचवून परत यायचं, तर हा तीन आठवडे तिथंच राहिला. तिथले सर्जन पडदा लावायचे, हा दारात उभा राहून बघायचा. तिसऱ्या आठवड्यात त्यांनीच याला आत बोलावलं म्हणे. परत आल्यावर त्यानं आमच्या मोठ्या डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी आधी पुस्तकं काढली, मग पत्रं लिहिली, मग दोन पेशंट स्वतः उभं राहून करून घेतले, आणि तेव्हापासून म्हणायचे, "लिंबाजीचा हात माझ्यापेक्षा हलका आहे." ते खरंच होतं, आणि असं सगळ्यांसमोर म्हणणारा डॉक्टर मी तरी तो एकच बघितला.

लिंबाजी गवंड्याचा मुलगा. मिसरूड फुटेपर्यंत बापाच्या हाताखाली घमेली वाहिलेली. त्यामुळं त्याला माणसाचं अंग म्हणजे एक बांधकाम वाटायचं. जखमेच्या कडा बघून तो म्हणायचा, "कोपरे पक्के हायेत, मंग भिंत येती." फार कोरडी पडली तर, "पानी मारलं न्हाई बराबर, गिलावा उकलला." आणि पडद्याबद्दल त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं. प्रत्येक पेशंटला, पेशंटच्या नातेवाइकांना, आणि कोणी नसलं तर मला तो ते ऐकवायचा:

"ही परांची हाय. परांचीवर कुनी संसार करत न्हाई. आपुन बांबू-बल्ल्या लावून द्यायच्या, उभं राह्याला जागा करून द्यायची. घर ज्याचं त्यानं बांधायचं. घर झालं की परांची गुमान काढून न्यायची."

मोठे डॉक्टर हेच पाऊण तास सांगायचे, इंग्रजीत.

पडदा चांगला की वाईट हे ठरवायची लिंबाजीची रीत कुठल्या पुस्तकात सापडायची नाही. काचेच्या पाटीवर पडदा पसरायचा आणि पाटीखाली वर्तमानपत्र धरायचं. बारक्या जाहिराती वाचता आल्या तर पडदा एक नंबर. नुसते मथळे वाचता आले तर दोन नंबर. त्यानं वर्तमानपत्र वाचलं ते एवढंच, बाळंतपणाच्या दिवशी, पडद्यातून. त्यामुळं देशात सरकार कोणाचं आलं हे त्याला ठाऊक नसायचं, पण जालन्यात कोणाची म्हैस विकायला आहे आणि कोणाची मार्कलिस्ट गहाळ झाली आहे, हे त्याला विचारावं.

धुतलेला पडदा बरणीत घालून फ्रिजमध्ये ठेवायचा. दवाखान्यात फ्रिज एकच. वरच्या कप्प्यात लसी, मधल्यात लिंबाजीच्या बरण्या. खालच्या कप्प्यात कोणी काही ठेवू नये असा नियम होता आणि माझं दही होतं. एकदा ट्रस्टचे चिटणीस तपासणीला आले. त्यांनी फ्रिज उघडला, बरणी उजेडात धरली आणि कौतुकानं म्हणाले, "वा, सिस्टर, साबुदाणा भिजत घातलाय वाटतं?" मी काही बोलायच्या आत लिंबाजीनं त्यांना खरं ते सांगितलं, सविस्तर. चिटणिसांनी त्या दिवशी आमच्याकडं जेवण घेतलं नाही.

पण खरा लिंबाजी बघायचा तर बाळंतपणाच्या खोलीबाहेर. तिथं एक लाकडी बाकडं होतं. आत बाई कळा देत असली की बाकड्यावर सासू, आई, नवरा आणि मांडीवर स्टीलचं पातेलं घेतलेला लिंबाजी अशी रांग. मी दार उघडलं की सगळे उठायचे. सासू विचारायची, "काय झालं?" आई विचारायची, "मोकळी झाली का नीट?" आणि लिंबाजी विचारायचा, "आख्खी आली का?"

मी त्याला दहादा सांगितलं की आधी घरच्यांना बोलू द्या. "तुमचं मुलगा-मुलगी कुठं पळून चाल्लंय का बाई," तो म्हणायचा, "पडदा वाळून जातो."

आपल्याकडं वार कोणी टाकून देत नाही. घरी नेतात, हळद-कुंकू लावून अंगणात पुरतात, वरून बाळाच्या अंघोळीचं पाणी पडेल अशा जागी. त्यामुळं पडदा काढायचा तर मागावा लागायचा. लिंबाजी तो मागायचा. प्रत्येक वेळी, प्रत्येक घरच्या वडीलधाऱ्या बाईपुढं उकिडवं बसून. पडदा काढून झाला की वार स्वच्छ धुऊन, नव्या मडक्यात घालून, वर फडकं बांधून दोन्ही हातांनी परत द्यायचा. बहुतेक बायका हो म्हणायच्या. काही जणी नाही म्हणायच्या. नाही म्हटलं की तो उठायचा, पातेलं उचलायचा आणि "बरं माय, बाळ सुखाचं राहू द्या," म्हणून निघून जायचा.

गावात बोलणारे होतेच. वारेवर करणी करतो, असं कोणी म्हणायचं. कोणी म्हणायचं, पडदे शहरात पाठवतो. लिंबाजीच्या कानावर जायचं. "पाठवू कशाला? मलाच पुरून नाही राह्यले," एवढंच त्याचं उत्तर.

त्या वर्षी पोळा होऊन आठ-दहा दिवस झाले असतील, हमीदाआपाला दवाखान्यात आणलं. बाजारात लिंबाच्या झाडाखाली बांगड्यांचं दुकान मांडून बसायची ती. आजूबाजूच्या वीस खेड्यांतल्या पोरीबाळींचे हात तिच्या हाताखालून गेलेले. नवऱ्याला दमा, तो घरी बसून. घर तिच्या हातावर चाललेलं, आणि तोच हात भाजला होता. स्टोव्हला पंप मारताना भडका उडाला. उजव्या हाताची पाठ, चारही बोटं, मनगटापर्यंत. शेजारणींनी आधी टूथपेस्ट लावली होती, मग त्यावर निळी शाई ओतली होती.

लिंबाजीनं हात बघितला. "भिंतीला रंग कुनी दिला?"

"मोहल्ले की औरतां," हमीदाआपा दात आवळून म्हणाली. "भाऊ, हात राहतो का माझा?"

"हात कुठं जातो? हात हायेच."

"तसं नक्को सांगू मेरेकू. बांगडी चढवताना समोरच्या बाईचा हात असा मुठीत घेऊन दाबावा लागतो, माशासारखा. बोटं वळली न्हाईत तर मी काय करू? ते सांग."

लिंबाजीनं शाई धुवायला पाणी काढलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. भाजलेलं पार खोल नव्हतं, म्हणून कातडी परत येईल. पण जखम चिघळली किंवा भरायला फार दिवस लागले तर ती आवळून येईल आणि बोटं आखडतील. म्हणजे तीन आठवड्यांच्या आत जखम झाकली गेली पाहिजे.

शाई-पेस्ट धुवायला लिंबाजीला दोन तास लागले. बरणीत एक पडदा होता, बारक्या जाहिरातीवाला. तो त्यानं एकेका बोटाला वेगळा गुंडाळला. खालचा हवेचा बुडबुडा ओल्या कापसानं लोटत लोटत बाहेर काढला, पुन्हा पुन्हा, जसा गवंडी थापीनं गिलावा सपाट करतो. हमीदाआपाचं कण्हणं थांबलं. तिनं डोळे उघडून हाताकडं बघितलं.

"ठंडा लगा," ती म्हणाली. मग जरा वेळानं, "किसका है ये?"

"तुला ठावं न्हाई असल्या एका बाळाचा."

"अल्ला उसकी उमर बढ़ाए," ती म्हणाली आणि झोपली. दोन दिवसांत पहिल्यांदा.

तीन दिवसांनी दुसरा पडदा मिळाला. तो सात दिवस टिकावा अशी लिंबाजीची इच्छा होती, पण पाचव्या दिवशी तीन बोटांवरचा उचलला गेला. खाली थोडा पू. काढून, धुऊन, साधी पट्टी बांधली. साध्या पट्टीखाली काय होतं ते आम्हाला माहीत होतं. प्रत्येक वेळी पट्टी सोडताना नवी कातडी तिच्याबरोबर निघून येते. लगेच नवा पडदा हवा होता आणि बरणी रिकामी.

आणि त्याच आठवड्यात तालुक्यातल्या बायकांनी जणू ठरवून बाळंत व्हायचं थांबवलं. एक दिवस गेला, दोन गेले. लिंबाजी मागच्या वर्षीची लग्नं बोटांवर मोजायला लागला. "पारधगावची तिथी दाट होती बाई, त्या पोरी कुठं गेल्या?" मी सांगितलं, पहिलटकरणी माहेरी जातात. "मंग इथल्या माहेरच्या?" दिवसातून चार वेळा तो फाटकाशी जाऊन बैलगाड्या बघून यायचा. एकदा धावत आला, "गाडीत बाई हाय, कन्हून राह्यली!" मी हातमोजे घालून तयार. बाईची दाढ दुखत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी शहागडच्या बाजूच्या एका वस्तीवरून मीरा नावाची सून आली, सासू गयाबाई बरोबर. मीराची आधीची दोन बाळंतपणं घरी झालेली, आणि दोन्ही मुलं आठवडाभरात गेलेली. म्हणून या वेळी दवाखाना. दुपारी मुलगी झाली, तीन किलोची, आवाजानं बाकडं हादरवणारी. वार आख्खी, पडदा असा की मीसुद्धा खिडकीकडं धरून बघितला.

लिंबाजी गयाबाईपुढं उकिडवा बसला आणि मागितलं.

"न्हाई," गयाबाई म्हणाली. "दोन गेली माझी. घरी झाली तवा कुनी काय कमी-जास्त केलं, मला ठावं न्हाई. हिचं समदं जसं आलं तसं नेनार. येक धागा कमी न्हाई द्यायची."

लिंबाजी "बरं माय" म्हणून उठला. पण या वेळी "बाळ सुखाचं राहू द्या" त्याच्या तोंडून निघालं नाही.

मी व्यवहारी बाई आहे. मी त्याला आत बोलावलं, दार लोटलं आणि म्हटलं, "हे बघा, तिला काय कळणार आहे? पडदा सोडवून घ्या. वार धुऊन मडक्यात बांधून द्या, नेहमीसारखी. म्हातारी काही मडकं उघडून बघणार नाही. आणि तिकडं त्या बाईचा हात जातोय."

लिंबाजीनं माझ्याकडं असं बघितलं की मला हातमोजे काढायची आठवण झाली.

"बिलकुल न्हाई, बाई. चोरून घेतलं तर मला पुन्हा त्या बाकड्यावर बसता येनार न्हाई."

"बसायचं काय कौतुक त्या बाकड्यावर?"

"लोक माझ्या शेजारी बसतात ना," तो म्हणाला.

मी हातमोजे काढून बादलीत टाकले. रागावले होते. चूक माझी होती, हे कळायला मला संध्याकाळपर्यंत वेळ लागला, पण ते इथं लिहून टाकते.

तो परत बाहेर गेला, परत उकिडवा बसला. मागितलं नाही. नुसता बसला. गयाबाईच तंबाखू मळत म्हणाली, "कुनासाठी पायजे एवढा?"

आता हा काय सांगतो, म्हणून मी दारात थांबले. मी असते तर म्हटलं असतं, एका गरीब बाईसाठी.

"बांगडीवाल्या हमीदासाठी," लिंबाजी म्हणाला. "हात भाजला तिचा."

तंबाखू मळणारा अंगठा थांबला. "लिंबाखाली बसती ती?"

"तीच."

"तिनंच भरल्या की मीराला. सातव्यात, हिरव्या. मी अडून बसल्ते, म्हनलं येक जरी फुटली तर मी भरू देनार न्हाई. दोन्ही हातांत डझनभर चढवल्या, येक फुटली न्हाई." गयाबाई उठली. "कुठाय ती? दाव मला."

लिंबाजी तिला वॉर्डात घेऊन गेला. मी मागून. हमीदाआपाचा हात उघडाच होता, धुवायचा होता म्हणून. गयाबाईनं तो वाकून बघितला. तोंडाला पदर लावला. मग बराच वेळ हाताकडं न बघता हमीदाआपाच्या तोंडाकडं बघत राहिली.

"वळखलं का मला?"

"अडीचच्या मापाची सून तुमची," हमीदाआपा म्हणाली. "हिरवी रेशमी. क्या हुआ, लडका या लडकी?"

"पोरगी. बरी हाय."

"मुबारक."

गयाबाई लिंबाजीकडं वळली. "घे. पन माझं येक ऐकायचं. पुरायला तू यायचं. तू काढून घेतलंस, तर तूच सांगायचं तिला, काय नेलं अन् कशाला नेलं. माझ्या दारात, माझ्या डोळ्यांदेखत."

"येतो."

पडदा धुऊन, पाटीवर पसरून, वर्तमानपत्र न धरताच त्यानं तो हमीदाआपाच्या बोटांना लावला. मग हात-पाय धुतले, टोपी घातली, मडकं सायकलच्या कॅरिअरला न बांधता एका हातात धरलं आणि एका हातानं सायकल चालवत गयाबाईच्या बैलगाडीमागं वस्तीवर गेला.

पुढचं मला गयाबाईनं सांगितलं, मीराला घरी न्यायला आली तेव्हा. लिंबाजीनं खड्डा खणला तो चौरस. चारही कडा सरळ, तळ सपाट. हातात ओळंबा नव्हता म्हणून त्यानं दोऱ्याला खडा बांधून कडा तपासल्या. "मी म्हनलं, अरे हीर पाडतो का काय? तर म्हनला, आजी, पाया हाय." मडकं ठेवलं, हळद-कुंकू वाहिलं, आणि मग म्हणे तो खड्ड्याच्या काठावर बसून हळू आवाजात बराच वेळ बोलत राहिला.

"काय बोललात हो तिथं?" मी लिंबाजीला विचारलं.

"ते आमच्या दोघांतलं हाय," तो म्हणाला.

तो पडदा नऊ दिवस टिकला. दहाव्या दिवशी लिंबाजी मला हात धरून ओढतच वॉर्डात घेऊन गेला. वाळून तपकिरी झालेला पडदा बोटांवरून कागदासारखा सुटत होता आणि खाली गुलाबी, पातळ, चकचकीत कातडी. हमीदाआपानं मूठ मिटायचा प्रयत्न केला. अर्धी मिटली.

"आता वळवायची," लिंबाजी म्हणाला. "न्हाई वळवली तर भिंत ताठ होती."

व्यायाम म्हणून डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायला सांगितला होता. हमीदाआपाला चेंडू आवडेना. चौथ्या दिवशी मी वॉर्डात शिरले तर खिडकीत सलाइनच्या सहा रिकाम्या काचेच्या बाटल्या ओळीनं उभ्या, आणि प्रत्येकीच्या गळ्यात बांगड्या. लाल, हिरव्या, एक सोनेरी ठिपक्यांची. नवऱ्याकडून घरची टोपली मागवून घेतली होती. लिंबाजी शेजारी बसून शिकवणी घेत होता, "ही सैल झाली. आखडती घाल. अंगठा वापर." डॉक्टर राउंडला आले, त्यांनी बाटल्या बघितल्या आणि मला गंभीरपणे विचारलं, "सिस्टर, यांना कितवा महिना?"

दिवाळीच्या आधीच्या बाजारात हमीदाआपा परत लिंबाखाली बसली. कातडीचा रंग एकसारखा नव्हता, करंगळी जराशी वाकडी राहिली होती. बाकी बोटं चालत होती. मला निरोप आला, पहिला हात सिस्टरचा. लिंबाजीलाही घेऊन या. मी माझा नियम मोडला आणि त्याला बाजारात नेलं, पण भाजीच्या बाजूनं नेलं नाही.

माझे हात फिनाइलनं राठ झालेले. हमीदाआपानं माझा पंजा मुठीत घेतला, अंगठ्याच्या बुडाशी दाबला, आणि दोन बांगड्या अशा सरकवल्या की मला कळलंही नाही. भोवतीच्या बायका बघत होत्या. लिंबाजी बोटांकडं बघत होता.

"भाऊ," हमीदाआपा त्याला म्हणाली, "आता भाभीचं माप सांगा. डझनभर माझ्याकडून."

मी तोंड उघडणार होते की अगं, याला कुठली भाभी. हा दवाखान्यामागच्या खोलीत एकटा राहतो, स्वतःची भाकरी स्वतः थापतो. कोणाच्या घरचं मी कधी विचारत नाही, विचारलं की लोक रजा मागतात. त्यामुळं मी याला सडाच समजत आले होते.

"सव्वादोन," लिंबाजी म्हणाला. क्षणाचाही विचार न करता. "डाव्या हाताला जरा सैल लागतं. अंगठ्याचं हाड लहानपनी दुखावल्तं."

हमीदाआपाचा हात टोपलीत थांबला.

हळूहळू निघालं ते असं. बायको कौसल्या, भोकरदनला भावाकडं. पाच वर्षं झाली, म्हणजे मी इथं यायच्या आधीपासून. लग्नाला सहा वर्षं होऊनही मूल नव्हतं. लिंबाजीनं वारेचं काम सुरू केलं तेव्हा गल्लीतल्या बायका तिला म्हणायला लागल्या, नवरा दुसऱ्यांच्या वारेला हात लावतो, मग तुझी कूस कशी भरेल? तिनं एकदा सांगितलं, हे काम सोडा. यानं सोडलं नाही. दिवाळीला माहेरी गेली ती आलीच नाही.

"आणायला गेला नाहीत?" मी विचारलं.

"कोनत्या तोंडानं जाऊ? काम तर सोडनार न्हाई. तिचं चूक हाय असंबी मला म्हनता येत न्हाई." तो बांगड्यांकडं बघत होता. "द्या ना आपा, सव्वादोनच्या. हिरव्या नको. तिला निळा आवडतो."

"मी न्हाई देत," हमीदाआपा म्हणाली. "हात हातात घेतल्याशिवाय मी कुनालाच बांगडी देत न्हाई. पाच साल का माप लेके बैठे हो तुम. हात बदलता है."

"ती यायची न्हाई."

"तो मैं जाती." तिनं निळ्या बांगड्यांच्या तीन मापांच्या पेंड्या फडक्यात गुंडाळायला घेतल्या. "सिस्टर, याला इतवार-सोमवार छुट्टी लिहा. मैं भी आती साथ. ये हाथ दिखाती उसको, क्या काम करता इसका मरद."

लिंबाजीनं पाच वर्षांत पहिल्यांदा रजेचा अर्ज केला. माझ्यासमोर बसून, माझ्याच पेननं. रविवारी सकाळच्या गाडीनं दोघं गेली. इस्त्रीचा सदरा, केसांना तेल, बसच्या खिडकीत ताठ बसलेला. कोणी ऑपरेशनला नेतंय असा चेहरा.

सोमवारी दुपारी मी ड्रेसिंगची ट्रॉली स्वतःच ढकलत होते, तेव्हा हमीदाआपा वॉर्डाच्या दारात येऊन उभी राहिली. एकटी. धुळीनं माखलेली, हातात रिकामं फडकं.

"लिंबाजी कुठं आहे?"

"दोन दिवस और मांगा है," ती म्हणाली आणि खाटेच्या कडेवर बसली. "पहिले तो बाहरच आई नहीं. मैं अंदर गई. मेरा हाथ देखती रही, देखती रही. पूछी, दुखता क्या? मैं बोली, नहीं." तिनं आपली उजवी मूठ उघडली, मिटली. "फिर चुपचाप अपना हाथ आगे करी."

"बसल्या का?"

"सव्वादोन कहाँ की," हमीदाआपा म्हणाली. "अडीच लागतं आता तिला."